टर्बो इंजिनची व्हॉल्व्ह ट्रेन: २जेझेड बांधताना या चुका टाळा

टोयोटाच्या २जेझेड-जीटीई या सहा सिलिंडरच्या टर्बो इंजिनाचा ब्लॉक आणि क्रँक इतके दणकट आहेत की बांधणाऱ्याचं सगळं लक्ष टर्बोकडे जातं. हेडची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि कॅम बसतात त्या वरच्या भागाची, पाळी शेवटी येते आणि मग डब्यावरचे आकडे वाचून व्हॉल्व्ह-स्प्रिंगचं किट उचललं जातं. बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. आधी बूस्ट (टर्बो आत ढकलतो त्या हवेचा दाब), एक्झॉस्टचा उलट दाब (टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये साठणारा दाब), आरपीएम आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ठरवायचे. स्प्रिंग त्यानंतर निवडायची, आणि मग एकेका व्हॉल्व्हवर माप घ्यायचं.

स्प्रिंग नुसत्या आरपीएमवर ठरवणे

‘साडेसात हजारांच्या वर फिरवणारच नाही, मूळ स्प्रिंग पुरेल’ हा हिशेब विनाटर्बो इंजिनात एक वेळ चालतो. टर्बोत मात्र इंटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर सतत दाबाची हवा असते. २जेझेडचा इंटेक व्हॉल्व्ह ३३.५ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ८.८ चौरस सेंमी. २ बार बूस्टला त्याच्या पाठीवर १८ किलोच्या आसपास भार येतो. सीटवरच्या (व्हॉल्व्ह बंद होऊन टेकतो त्या कडेवरच्या) स्प्रिंगभारातून तेवढा वजा करून काय उरतं ते पाहणं ही चांगली सवय आहे.

पण जास्त धोका बऱ्याचदा एक्झॉस्टकडे असतो. लहान टर्बोकडून जास्त काम घेतलं की मॅनिफोल्डमधला दाब बूस्टच्या पुढे निघून जातो. समजा बूस्ट १.८ बार आणि उलट दाब ३.२ बार आहे. इंटेक स्ट्रोकमध्ये सिलिंडरमधला दाब १.८ बारच्या आसपास धरला, तर फरक १.४ बारचा. २९ मिमीच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला हा फरक नऊ-साडेनऊ किलोंनी सीटवरून ढकलतो, आणि तेही व्हॉल्व्ह नुकताच बसलेला, उसळी घेण्याच्या बेतात असताना. म्हणून एक्झॉस्टचा हिशेब वेगळा मांडा. उलट दाब अंदाजाने धरू नका. मॅनिफोल्डला छोटा बंग (आटे असलेली कडी) वेल्ड करा, मीटरभर स्टीलची नळी वेटोळी करून गेजला जोडा. नळीत वायू थंड होतो आणि गेज वाचतं.

स्प्रिंग कमी पडली की वरच्या आरपीएमला इंजिन अडखळतं, पॉवर एकदम बसते आणि बूस्ट वाढवलं की त्रास आणखी आधी सुरू होतो. लोक प्लग बदलतात, कॉइल बदलतात. आधी हे पाहा: मिसफायर जास्तीत जास्त टॉर्कच्या जागी येत असेल तर इग्निशनवर संशय घ्या, कारण ठिणगीला सर्वात जड काम तिथे असतं. टॉर्कची ती जागा साफ पार होऊन त्रास शेवटच्या हजार आरपीएममध्येच येत असेल, तर स्प्रिंगकडे वळा.

याचा अर्थ सर्वात कडक स्प्रिंग लावा असा नाही. गरजेपेक्षा जास्त भार कॅमचे लोब (फुगवटे) आणि बकेट (लोब आणि व्हॉल्व्हच्या मधली वाटी) खातो.

स्प्रिंगची बसवलेली उंची न मोजणे

किटवर लिहिलेला सीटभार व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगच्या एका ठरावीक उंचीचा असतो. तुमच्या हेडमध्ये ती उंची मिळेलच असं नाही. सीट कटिंगमध्ये व्हॉल्व्ह अर्धा मिमी आत गेला, तर स्टेम (व्हॉल्व्हची दांडी) तेवढाच वर येतो आणि स्प्रिंग तेवढी सैल बसते. स्प्रिंगचा दर मिमीला ७ किलो असेल तर साडेतीन किलो गेले. शिवाय टॅपेट क्लिअरन्सही (लोब आणि बकेटमधली फट) अर्ध्या मिमीने घटतो, मग बकेटवरची शिम (फट जुळवणारी चकती) बदलावी लागते. चोवीसही व्हॉल्व्हची उंची हाइट मायक्रोमीटरने मोजा, लिहून ठेवा आणि स्प्रिंगखाली शिम घालून फरक भरून काढा.

त्याच बैठकीत आणखी तीन मापं घ्या. पूर्ण लिफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह पुरता उघडलेला असताना, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायला निदान १ मिमी अंतर बाकी हवं. रिटेनर (स्प्रिंगला वरून धरणारी चकती) आणि स्टेम सीलमध्ये दीड मिमी अंतर हवं. पिस्टनपासून अंतर इंटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी ठेवा. हे अंतर मोजताना हलकी स्प्रिंग आणि डायल गेज वापरा, आणि टीडीसीच्या (पिस्टन सर्वात वर असतो त्या जागेच्या) आधी व नंतर सुमारे १० अंशांवर नीट पाहा. सर्वात कमी अंतर साधारण तिथेच सापडतं, नेमकं टीडीसीवर नाही.

मूळ बकेटवर मोठा कॅम

२जेझेडमध्ये शिम बकेटच्या वर बसते. लिफ्ट आणि आरपीएम दोन्ही वाढले की लोब शिमच्या कडेवर चढतो आणि शिम उडते. त्यानंतर कॅम आणि हेड दोन्ही जातात. मोठा कॅम घ्यायचा तर बिनशिमच्या किंवा खाली शिम असलेल्या बकेट त्याच खर्चात धरा. लोब फिरताना हेडच्या ओतकामाला घासत नाही ना, हेही हाताने फिरवून तपासा.

कॅम निवडताना ओव्हरलॅपचा (इंटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) मोह आवरा. उलट दाब बूस्टपेक्षा जास्त असेल तर ओव्हरलॅपमध्ये जळालेला वायू सिलिंडरमध्ये परत शिरतो आणि नॉक (मिश्रणाचा अवेळी स्फोट) वाढतो.

व्हॉल्व्ह, गाइड आणि रिटेनर

एक्झॉस्टला इन्कोनेल ७५१ (उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू), इंटेकला चांगलं स्टेनलेस. दोन्हीकडे इन्कोनेल घालण्यात पैसे वाया जातात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतांश उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते, त्यामुळे रेसिंगच्या नावाखाली एक्झॉस्टची सीट अरुंद कापू नका, व्हॉल्व्हची कड जळेल. ब्राँझ गाइडचा (स्टेम ज्यात वरखाली सरकतो त्या नळीचा) क्लिअरन्स गाइड बनवणाऱ्याने दिला असेल तोच धरा. फार घट्ट गाइडमध्ये तापलेला स्टेम अडकतो.

टायटॅनियम रिटेनर हलके असतात, पण स्प्रिंगच्या घर्षणाने झिजतात. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला टूल स्टीलचे बरे. एकाची स्प्रिंग आणि दुसऱ्याचा रिटेनर अशी जोडी जमवू नका. पायरीचा व्यास जुळला नाही तर स्प्रिंग सरकते.

पहिलं स्टार्ट

लोब आणि बकेटला असेम्ब्ली ल्यूब लावा, झिंकयुक्त ब्रेक-इन ऑइल भरा. इंजिन सुरू होताच २,००० आरपीएमच्या आसपास वीस मिनिटं चालवा, आयडलवर सोडू नका. मग पूर्ण थंड होऊ द्या, म्हणजे स्प्रिंगही बसतात. थंड इंजिनवर टॅपेट पुन्हा मोजा. मूळ कॅमला इंटेक ०.१५ ते ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.२५ ते ०.३५ मिमी, बाहेरच्या कॅमला त्याच्या कार्डवरचा आकडा. एखाद्याच व्हॉल्व्हचा क्लिअरन्स घटलेला दिसला, तर शिम बदलण्याआधी त्या सिलिंडरची लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे त्यात दाबाची हवा भरून ती कुठून गळते ते पाहा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्टची सीट गेलेली असते, आणि हेड उतरवावंच लागतं.