लेकीचं नाव ‘तारा’ ठेवायचंय? आधी त्याचा माग असा काढा

नावांच्या यादीत ‘तारा म्हणजे चांदणी’ एवढंच सापडतं. तेवढ्यावर थांबू नका. मी शाळेत संस्कृत शिकवायचे, त्यामुळे बारसं ठरलं की कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीतल्या लेकी-सुना नाव विचारायला येतात. त्यांना जे करायला लावते तेच इथे सांगते. आत्याबाई बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून मोकळ्या होतात, पण पुढं पोरगी आईलाच विचारते, हेच नाव का ठेवलंस?

आधी कोश उघडा. वामन शिवराम आपट्यांच्या संस्कृत कोशात ‘तारा’खाली चांदणीबरोबर डोळ्यातली बाहुली आणि मोती हेही अर्थ आहेत. मग धातू बघा. ‘तॄ’ म्हणजे तरून जाणं, त्यावरून तारा म्हणजे पैलतीराला नेणारी. बौद्धांनी हाच अर्थ धरला. वेरूळच्या लेण्यांत तारादेवीच्या मूर्ती आहेत. तिबेटी लोक तिला डोल्मा म्हणतात, म्हणजे सोडवणारी, आणि आपल्या मुलींनाही तेच नाव ठेवतात. बंगालात ती दहा महाविद्यांपैकी, म्हणजे देवीच्या दहा रूपांपैकी एक, तारापीठची देवी. मला स्वतःला चांदणीपेक्षा हा तारणारीचा अर्थ फार मोलाचा वाटतो.

मग या नावाच्या बायका शोधा. वालीची तारा पंचकन्यांपैकी एक. हरलेला सुग्रीव पुन्हा आव्हान द्यायला आला, तेव्हा त्याच्यामागं कुणाचं तरी बळ आहे हे तिनं ओळखलं आणि वालीला अडवलं. त्यानं ऐकलं नाही. देवांचे गुरू बृहस्पती यांची बायको तारा चंद्राबरोबर गेली, ही गोष्ट काही घरांतल्या वडीलधाऱ्यांना खटकते, म्हणून ती आधीच बोलून घ्यावी. हरिश्चंद्राची तारामती मात्र वेगळी.

आणि कोल्हापुरात राहून ताराराणी कशी विसरायची? कावळा नाक्यावरचा घोड्यावरचा पुतळा रोज दिसतो, पण गोष्ट नीट माहीत असलेले थोडे. हंबीरराव मोहित्यांची ही लेक 1675 सालची. 1700 मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, तेव्हा ती पंचविशीत होती. लहानग्या मुलाला गादीवर बसवून तिनं स्वतः कारभार हाती घेतला आणि औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली. 1707 मध्ये बादशहा दख्खनमध्येच मेला. पुढं पन्हाळ्यावरून तिनं करवीरची म्हणजे कोल्हापूरची वेगळी गादी उभी केली. मुलीला हे नाव देणार असाल तर एकदा तिला पन्हाळ्यावर घेऊन जा आणि हे सगळं तिथंच सांगा.

आता बाहेरच्या भाषा. इथं सावध राहा, नुसता उच्चार जुळला म्हणून नातं जोडू नका. फारसी ‘सितारा’, ग्रीक ‘आस्टेर’, लॅटिन ‘स्टेला’, इंग्रजी ‘स्टार’ ही चांदणीवाल्या ताराची खरी भावंडं. ऋग्वेदात चांदण्यांसाठी ‘स्तृभिः’ असं रूप येतं, त्यात या भावंडांतला, ‘तारा’मधून गळलेला ‘स’ अजून दिसतो. म्हणजे मावशीच्या मुलीचं नाव सितारा किंवा स्टेला असेल तर दोघी नावानंही बहिणी. आयर्लंडमधल्या मुलींची ‘तारा’ मात्र निराळी. ते नाव मीथ परगण्यातल्या एका टेकडीवरून आलंय, तिथं जुन्या आयरिश राजांचं पीठ होतं. संस्कृतशी त्याचा संबंध नाही. माँटेनेग्रोत तारा नावाची नदीसुद्धा आहे.

एवढं करायला वेळ लागतो, आणि तो तुमच्याकडे असतो. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण बाळाचं नाव ठरलं नसेल तर ते नंतर घालता येतं. 12 महिन्यांपर्यंत फी लागत नाही, त्यापुढं 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. दाखल्यावर नाव चढवताना इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिला ‘ए’ एक की दोन हे घरात ठरवून जा, आणि आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे तेच लिहा.