हॉर्नला ट्यूब अॅम्प जोडताय? वॅट नंतर बघा, आधी घरघर ऐका

जत्रेत माडाला बांधलेला भोंगा आठवतोय ना, एवढीशी मशीन आणि आवाज पार खाडीपलीकडे. घरातल्या हॉर्न स्पीकरचं, म्हणजे भोंग्यासारख्या तोंडाच्या स्पीकरचं, गणित तेच. साधा बुकशेल्फ स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबलच्या आसपास देतो, चांगला मोठा हॉर्न १०४, म्हणजे साध्याला जिथे १०० वॅट लागतात तिथे हॉर्नचं २ वॅटमध्ये भागतं. म्हणून ट्यूब अॅम्प, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर, घ्यायचा तर ३००बी ट्यूबचे सिंगल एंडेड (एका स्पीकरला साधारण एकच पॉवर ट्यूब) ८ वॅट भरपूर झाले, २ए३ ट्यूबचे साडेतीनपण पुरतात. मी हौसेने ४० वॅटचा अॅम्प घेऊन बसलो, बटण जरा हलवलं की कौलं हलायची आणि वर सतत घरघर.

खरी भानगड तीच आहे, हॉर्न गाण्याबरोबर अॅम्पची घरघर पण तेवढीच मोठी करतो. त्यामुळे विकत घ्यायच्या आधी आपल्याच स्पीकरला जोडा, व्हॉल्यूम शून्य, पंखा बंद, आणि बसायच्या जागेवरून ऐका. तिथे ऐकू आली तर सरळ परत द्या. शून्यावर शांत आणि सोर्सची (सीडी प्लेअर वगैरेची) वायर लावल्यावरच घरघर येत असेल तर बहुतेक अर्थिंगचा लूप आहे, म्हणजे दोन मशीन वेगवेगळ्या जागी अर्थला जोडल्यात, सगळं एकाच बोर्डावर घेऊन बघा, अर्थची पिन मात्र कापू नका हां.

८ ओहमचा स्पीकर आधी अॅम्पच्या ८ च्या टॅपला (स्पीकरची वायर लावायच्या जोडणीला) लावा, मग ४ वर पण ऐका, पॉवर थोडी कमी होते पण ती इथे कुणाला हवीय, बास मात्र बऱ्याचदा आवळून येतो. स्पीकर न जोडता अॅम्प चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

कोपऱ्यात ठेवायचा हॉर्न असेल, १९४६ च्या क्लिप्शहॉर्नसारखा, तर आपल्या जांभ्याच्या जाड भिंती म्हणजे लॉटरीच, कारण त्याचा बास कोपऱ्याच्या भिंतींच्या आधाराने बाहेर पडतो. फक्त तिथलं कपाट हलवा.

आता खारं वारं. जुलैत ट्यूबच्या पिना काळपट होतात, स्पीकरमधून कुरकुर सुरू होते. प्लग काढा, ट्यूब गार होऊ द्या, मग ट्यूब उपसून पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. खालचं झाकण उघडायचं नाही, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट राहू शकतात. लाईट वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर घ्याच.

आणि ट्यूबवरची जाळी शोभेसाठी काढून ठेवू नका, पावसात उबेला पाल येऊन बसते, माझ्याकडे एक थेट सॉकेटवर पडली, फ्यूज गेला आणि वास आठवडाभर.