चालण्याचा रस्ता आखायचा तर पाहणी मे महिन्यात करा

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. त्यासाठी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग गाड्यांना बंद केला जातो. चांगलंच आहे. पण डिसेंबरात कुठलाही रस्ता छान वाटतो हो! मी रस्त्यांचे आराखडे करते. हाताखाली नवीन मुलं आली की त्यांना आधी मे महिन्यात, भर बाराला, रस्त्यावर पाठवते.

लक्ष्मी रस्ता पूर्व-पश्चिम आहे. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या इमारतींची सावली मिळते. मेच्या मध्याला मात्र पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि चार मजली इमारतीची सावलीही तिच्या पायथ्याशीच राहते. तेव्हा इमारतींच्या भरवशावर राहू नका. झाडं लावा, नाहीतर कापडी छत घ्या.

आता खरी अडचण. विसर्जन मिरवणूक इथूनच जाते. कायमचं छत किंवा कमान घातलीत तर पहिलाच रथ अडकेल. म्हणून झाडं कडेनं लावायची, खालच्या फांद्या छाटत उंच वाढवायची. छत गुंडाळता येईल असं घ्यायचं. मधला चार मीटरचा पट्टा बारा महिने मोकळा ठेवा, अग्निशमनाच्या बंबासाठी आणि बाप्पासाठी. गाड्या अडवायला खांब बसवाल तेही काढता येणारे हवेत.

फरसबंदी करतानाच मांडवाच्या खांबांसाठी लोखंडी नळ्या पुरून वर झाकणं बसवा. एवढं केलं नाहीत तर भाद्रपदात पहारी येतात आणि नवी फरशी फुटते. केबलींसाठीही रिकामे पाइप आधीच टाकून ठेवा.

गुळगुळीत ग्रॅनाइट सुंदर दिसतो आणि जुलैत माणसं पाडतो. टाकीनं खडबडीत केलेला काळा दगड घ्या, उतार ५० ला १. पाण्याच्या जाळीच्या फटी बारीक आणि चालण्याच्या दिशेला आडव्या ठेवा, म्हणजे काठीचं टोक किंवा व्हीलचेअरचं चाक अडकत नाही. मध्ये पायरी कुठेच नको.

बाकाची उंची ४५ सेंटिमीटर, आणि पाठ व हात हवेतच. गुडघे दुखणाऱ्याला हातावर जोर दिल्याशिवाय उठता येत नाही. साडीच्या दुकानांसमोर दोन बाक जास्त टाका. आत गेलेली मंडळी लवकर बाहेर येत नसतात, काकांना टेकायला जागा लागते. रिकामटेकडे बसतील म्हणून दुकानदार कुरकुर करतील. करू द्या, टेकलेलं गिऱ्हाईक पुढच्या दुकानातही जातं.

माल सकाळी दुकानं उघडण्याआधी उतरवा. रिक्षा दोन्ही टोकांना. स्वच्छतागृह मात्र टोकाला ढकलू नका, मधोमध ठेवा आणि आराखड्यात त्याची जागा सगळ्यात आधी धरा. मागाहून शोधायला गेलात तर ती सापडत नाही.