दहा बाय दहाची खोली नियमात बसते का?

घराच्या नकाशातील खोल्या नियमानुसार आहेत की नाहीत, हे बांधकामापूर्वी तपासायचे असेल तर आधी आपल्या गावाला कोणती नियमावली लागू आहे ते पाहावे. बृहन्मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे, तर राज्याच्या बहुतेक भागांत २०२० साली मंजूर झालेली एकत्रीकृत नियमावली चालते. राष्ट्रीय इमारत संहिता ही मार्गदर्शक आहे. ती आपोआप बंधनकारक होत नाही, मात्र पडताळणीसाठी तिचे आकडे सोयीचे पडतात.

संहितेनुसार घरात राहण्याची एकच खोली असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटर आणि रुंदीला किमान २.४ मीटर हवी. दोन खोल्या असतील तर दुसरी ७.५ चौरस मीटर आणि २.१ मीटर रुंद असली तरी चालते. आता आपल्याकडे सर्रास सांगितली जाणारी ‘दहा बाय दहा’ घ्या: तिचे क्षेत्रफळ ९.२९ चौरस मीटर भरते, म्हणजे दुसरी खोली म्हणून ती सहज चालते, पण एकमेव खोली म्हणून थोडक्यात अपुरी पडते. एक बाजू साडेदहा फूट केली की हा प्रश्न मिटतो.

क्षेत्रफळ आणि रुंदी या दोन्ही अटी वेगवेगळ्या तपासाव्यात, कारण लांबट खोली क्षेत्रफळात बसूनही रुंदीत अडकते. नकाशातील माप विटेपासून विटेपर्यंत आहे की गिलाव्यानंतरचे, हेही विचारून घ्यावे. दोन्ही भिंतींना १२ मिलिमीटर गिलावा धरला तरी २.४० मीटरची रुंदी २.३८ मीटरच्या खाली जाते.

उंची फरशीपासून छताच्या सर्वांत खालच्या भागापर्यंत २.७५ मीटर लागते आणि तुळईखाली २.४ मीटर मोकळी जागा पुरते. स्लॅबची पातळी ठरवताना फरशी व तिच्याखालचा थर वजा करायला विसरू नये. जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर ५ चौरस मीटर, तिथेच जेवायचे असेल तर ७.५ चौरस मीटर हवे.

खिडकीचा हिशेब मात्र बहुतेक जण करतच नाहीत. कोकणासारख्या उष्ण-दमट हवामानात दारे वगळून उघडणारी जागा खोलीच्या एक-षष्ठांश हवी, म्हणजे ९.५ चौरस मीटरच्या खोलीला सुमारे १.५८ चौरस मीटर. चार बाय चार फुटांची एक खिडकी येथे कमी पडते.