ब्रिटनला निघालात? अमेरिकेतल्या मामाचा सल्ला आधी तपासून घ्या

नागपुरातून शिकायला ब्रिटनला जाणारी मुलं बहुधा सप्टेंबरात निघतात. ऑगस्टपासून घरात यादी लिहिली जाते आणि त्या यादीवर अमेरिकेतल्या मामा-काकांचा हात असतो, कारण घरात परदेश पाहिलेलं माणूस तेच. त्यात सीरिज पाहून कानात बसलेलं अमेरिकन इंग्रजी. मामाचा सल्ला कळकळीचा असतो, पण ब्रिटनमध्ये तो निम्मा चालतो, कारण तिथं उतरल्यावर खुद्द अमेरिकन माणूसही गोंधळतो.

काही बाबतीत आपण त्या अमेरिकन माणसाच्या पुढे असतो. ग्राउंड फ्लोअर, लिफ्ट, फ्लॅट, आधी दिवस मग महिना अशी तारीख, रस्त्याच्या डाव्या बाजूनं जाणाऱ्या गाड्या, प्रत्येक सॉकेटला स्वतःचं बटन, हे सगळं आपल्याला घरचंच आहे. अडतं ते बोलण्याच्या मापात. नागपूरचा माणूस मनात असेल ते मोकळं बोलतो आणि पाहुण्याला आग्रह करतो. ब्रिटिश माणूस निम्मं बोलतो आणि उरलेलं समोरच्यानं ओळखावं असं धरून चालतो. एवढं पहिल्या महिन्यात लक्षात आलं तर पुढचं वर्ष सोपं जातं.

बोलणं: कमी शब्द, जास्त अर्थ

सुरुवात "यू ऑलराइट?" पासून. अमेरिकन माणसाला वाटतं, आपला चेहरा उतरलेला दिसला म्हणून विचारलं. ती तब्येतीची चौकशी नाही, नुसता नमस्कार आहे. उत्तर दोन शब्दांचं: "येस, यू?" आणि पुढे चालायचं. थांबून सर्दी-पडसं सांगायला लागलात तर समोरच्याची पंचाईत होते.

"नॉट बॅड" म्हणजे चांगलं. "नॉट आयडियल" म्हणजे वाईट. "अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम" म्हणजे बऱ्यापैकी मोठी अडचण. सगळ्यात घातक शब्द "क्वाइट". अमेरिकन माणूस "क्वाइट गुड" म्हणतो तेव्हा त्याला खूप आवडलेलं असतं. ब्रिटिश प्राध्यापक तुमच्या निबंधाला "क्वाइट गुड" म्हणाले तर बहुतेक वेळा काम ठीकठाक झालं, एवढंच समजा. आणि "इंटरेस्टिंग. यू माइट वॉन्ट टू हॅव अनदर लुक अॅट चॅप्टर टू" असं म्हणाले तर दुसरं प्रकरण नव्यानं लिहायला घ्या. त्यातला "माइट" ऐकून ती सूचना ऐच्छिक आहे असं समजणारी मुलं गुण गमावतात. शंका वाटली तर सरळ विचारा की हा बदल केला नाही तर गुण कापले जातील का. असं विचारणं तिकडे उद्धट मानत नाहीत आणि उत्तर स्पष्ट मिळतं.

गुणांचा हिशेबही घरी आधीच समजावून ठेवा. बहुतेक विद्यापीठांत मास्टर्सला ५० ला पास, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन. ६८ पडले म्हणून नागपुरात आईला काळजी लागते, पण तिकडे ते चांगलेच गुण आहेत. प्राध्यापकांना बहुधा पहिल्या नावानंच हाक मारायची असते. सर-मॅडम म्हटल्यानं कुणी रागावत नाही, फक्त त्यांना अवघडल्यासारखं होतं.

मराठीत "एक चहा द्या" यातल्या "द्या" मध्येच आदर येतो. तोच विचार इंग्रजीत "गिव्ह मी वन टी" असा उतरला की हुकूम वाटतो. "कॅन आय हॅव अ टी, प्लीज?" हे वाक्य तोंडात बसवून टाका, काउंटर कुठलाही असो. वस्तू हातात आल्यावर "थँक्स", "चिअर्स" किंवा "टा", तिन्हींचा अर्थ आभार. कुणाचा पाय तुमच्या पायावर पडला तरी "सॉरी" तुम्हीही म्हणायचं.

फसवणारे नेमके शब्द थोडे आहेत, पण ते लक्षात ठेवाच. पँट आपल्याकडे आणि अमेरिकेत बाहेरून घालायची, ब्रिटनमध्ये "पँट्स" म्हणजे आतली चड्डी. दुकानात "ट्राउझर्स" मागा. "पिस्ड" म्हणजे अमेरिकेत रागावलेला, ब्रिटनमध्ये दारू पिऊन तर्र झालेला. शब्द दोन्हीकडे असभ्यच, म्हणून मेलमध्ये नकोच. "हाफ सेव्हन" म्हणजे साडेसात. साडेसहा समजून गेलात तर दार बंद दिसेल. "क्विड" म्हणजे पौंड, "फाइव्हर" पाचाची नोट, "टेनर" दहाची, "फोर्टनाइट" म्हणजे दोन आठवडे. "नॅकर्ड" म्हणजे थकून चूर, "चफ्ड" म्हणजे खूश, "स्किंट" म्हणजे खिसा रिकामा, "डॉजी" म्हणजे भरवशाचं नसलेलं. दुकानदार बाई "लव्ह" किंवा न्यूकॅसलकडे "पेट" म्हणाली तर ती आपल्याकडच्या "बेटा" सारखी साधी हाक आहे.

गावांची नावं स्पेलिंगप्रमाणे वाचू नका. लेस्टर, वॉरिक, एडिंबरा, लफबरा असं म्हणा, नाहीतर तिकीट खिडकीवर दोनदा विचारावं लागेल.

हाताची एक खूण मात्र टाळाच. दोन समोसे हवेत म्हणून दोन बोटं दाखवताना तळहात स्वतःकडे वळलेला असेल तर ती तिकडे शिवी आहे. तळहात समोरच्याकडे ठेवा.

आग्रह नसतो, म्हणून पहिल्यांदाच हो म्हणा

नागपुरात कुणाकडे गेलं की दोनदा "नको" म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ताट समोर येतं. ब्रिटनमध्ये विचारणा एकदाच होते. तुम्ही "नो, थँक यू" म्हणालात की विषय संपला, कारण पुन्हा विचारणं म्हणजे तुमच्या नकाराचा मान न ठेवणं असं ते मानतात. भूक असेल तर पहिल्याच वेळी "येस, प्लीज" म्हणा. "यू मस्ट कम राउंड सम टाइम" हे आमंत्रण नव्हे. दिवस आणि वेळ ठरली की ते आमंत्रण. घरी जेवायला बोलावलं तर वेळेआधी बेल वाजवू नका, पाच-दहा मिनिटं उशीर चालतो. फुलं, चॉकलेट किंवा वाइनची बाटली न्या. शाकाहारी असाल तर आमंत्रण स्वीकारतानाच सांगा, ताटावर बसल्यावर नाही.

खाणं

उत्तर इंग्लंडात "टी" म्हणजे संध्याकाळचं जेवणही असतं आणि "डिनर" दुपारचं. "चिप्स" म्हणजे जाड, गरम, तळलेले बटाटे. पाकिटातल्या वेफर्सना "क्रिस्प्स" म्हणतात. "पुडिंग" म्हणजे जेवणानंतरचा कुठलाही गोड पदार्थ, पण ब्लॅक पुडिंगमध्ये डुकराचं रक्त असतं आणि यॉर्कशायर पुडिंग हे मैदा, अंडं नि दुधाचं भाजलेलं, रविवारच्या रोस्टबरोबर, म्हणजे भाजलेल्या मांसाबरोबर, खायचं. "लेमोनेड" मागितलं तर बहुतेक ठिकाणी सोडा भरलेलं गोड पेय येतं. "स्क्वॉश" म्हणजे आपलं सरबताचं सिरप. साधारण एका भागाला चार भाग पाणी, डबल कॉन्सन्ट्रेट लिहिलं असेल तर नऊ भाग.

शाकाहारी घरांसाठी हा भाग नीट वाचावा. पाकिटावर आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो. तिथल्या "व्हेजिटेरियन" मध्ये अंडं चालतं. अंडं खात नसाल तर दोन वाटा आहेत: "व्हीगन" लिहिलेलं घ्या, किंवा घटकांची यादी वाचा. कायद्यानं ठरवलेले १४ अॅलर्जीचे घटक यादीत ठळक उठून दिसतील असे छापावे लागतात, त्यात अंडं, दूध आणि मासे आहेत. त्यामुळे अंडं शोधायला पाच सेकंद पुरतात. जनावराच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं जिलेटिन मात्र या १४ मध्ये नाही, म्हणून ते ठळक नसतं. गमीच्या गोळ्या, मार्शमेलो आणि काही योगर्टमध्ये ते असतं, तिथं पूर्ण यादी वाचावी लागते. वुस्टर सॉसमध्ये पारंपरिकपणे अँकोव्ही मासा असतो. पार्मेझान चीज रेनेटनं, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणासारख्या द्रव्यानं बनतं. नाताळातल्या मिन्स पायमध्ये आता खिमा नसतो, सुका मेवा असतो, पण जुन्या पद्धतीत गुरांची चरबी, म्हणजे सुएट, पडते. आणि उत्तरेत, विशेषतः यॉर्कशायरात, बऱ्याच दुकानांत चिप्स गुरांच्या चरबीत तळतात. काउंटरवर एवढंच विचारायचं: "इज इट व्हेजिटेबल ऑइल?"

घाईच्या दिवशी पोटाला आधार देणारं म्हणजे जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालीसकट भाजलेला बटाटा, आणि बीन्स ऑन टोस्ट. साधारण ४०० ग्रॅमचा बीन्सचा डबा दोघांना पुरतो. मंद आचेवर तीन-चार मिनिटं गरम करायचा, खळखळ उकळला तर बीन्सचा लगदा होतो. चव गोडसर लागते, वरून तिखट आणि बारीक कांदा टाकला की जमतं. मार्माइट हा यीस्टचा काळा, खारट लेप शाकाहारी आहे. तो जॅमसारखा थापला म्हणून बहुतेकांना पहिल्याच घासाला नकोसा होतो. आधी गरम टोस्टवर लोणी, मग सुरीच्या टोकावर येईल तेवढाच मार्माइट, पातळ पसरून.

चहाची रीत वेगळी आणि ती शिकण्यासारखी आहे. केटलमध्ये ताजं पाणी उकळायचं, मगात टी बॅग, त्यावर लगेच उकळतं पाणी, तीन-चार मिनिटं थांबायचं, बॅग काढून मग थोडं थंड दूध. दूध आधी घातलं तर पाणी निवतं आणि चहाला रंगच चढत नाही. मायक्रोवेव्हमध्ये पाणी गरम करण्याची अमेरिकन सवय तर तिथं कुणाला बघवत नाही. ऑफिसात किंवा होस्टेलवर एकट्यापुरता चहा करायचा नाही, उठलात की "एनीवन फॉर अ ब्रू?" विचारायचं आणि कोणाला दूध किती, साखर किती ते लक्षात ठेवायचं. माणसं जोडायला याच्याइतका सोपा मार्ग तिथं दुसरा नाही. घरी आपला आल्याचा चहा उकळायचा असेल तर दुधाच्या बाटलीचं झाकण बघा: निळं म्हणजे सायीचं, हिरवं अर्धं साय काढलेलं, लाल पूर्ण काढलेलं. चहाला निळंच घ्या. दोन पाइंटची बाटली म्हणजे १.१३६ लिटर.

बॅगेत इतवारीतून घेतलेले कोरडे मसाले खुशाल न्या. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, म्हणून तूप, पनीर आणि खवा घातलेली संत्रा बर्फी घरीच ठेवा.

खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर

व्होल्टेज २३०, त्यामुळे इथली इस्त्री तिथं चालते. लागतो तो फक्त तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर. मामाकडून आलेलं १२० व्होल्टचं हेअर ड्रायर लावू नका, जळेल. ब्रिटिश प्लगच्या आतच फ्यूज असतो, साधारण ७०० वॉटपर्यंत ३ अँपिअर, त्यावर १३. लॅम्प अचानक बंद पडला तर तो टाकण्याआधी फ्यूज बदलून पाहा. शेगडी इंडक्शन असेल तर साधा अॅल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. इंडक्शन तळाचा घ्या.

सावजी फोडणी आणि होस्टेलचा स्मोक अलार्म यांचं वैर आहे. तेल धुराला लागलं की अलार्म वाजतो आणि अख्खी इमारत रात्री थंडीत बाहेर उभी राहते. फोडणीच्या आधी एग्झॉस्ट सुरू करा, खिडकी उघडा, आच मध्यम ठेवा आणि झाकण हाताशी ठेवा. स्वयंपाकघराचं दार उघडू नका, धूर कॉरिडॉरमधल्या सेन्सरपर्यंत जातो. सेन्सरवर पिशवी बांधण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. त्यात जिवाला धोका आहे आणि दंडही होतो.

बाथरूममध्ये साधं सॉकेट नसतं आणि दिवा बहुधा छतातून लोंबणाऱ्या दोरीनं लागतो. दोरी लाल असेल तर हात लावू नका, ती मदतीची घंटा आहे. जमिनीला जाळी नसते. टबाबाहेर पाणी सांडलं की खालच्या घराच्या छतावर डाग उमटतो आणि भरपाई तुमच्या डिपॉझिटमधून जाते, म्हणून पडदा टबाच्या आत सोडून अंघोळ करा. जुन्या घरांत गरम आणि थंड पाण्याचे नळ वेगळे, कारण गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून येत असे आणि ते पिण्यालायक धरत नसत. बेसिनला बूच लावून दोन्ही मिसळा. प्यायला फक्त स्वयंपाकघरातला थंड नळ.

भाडं बहुधा आठवड्याचं सांगतात. आठवड्याला १५० पौंड म्हणजे महिन्याला ६०० नव्हे: १५० गुणिले ५२ भागिले १२, म्हणजे ६५०. पुष्कळ मुलांचं बजेट या ५० पौंडांत कोलमडतं.

पब, बस आणि बंद दुकानं

पबमध्ये टेबलावर बसून वाट पाहिली तर बहुतेक ठिकाणी कुणीच येत नाही. काउंटरवर जाऊन मागायचं आणि तिथंच पैसे द्यायचे. रांग दिसत नसली तरी आपल्या आधी कोण आलं हे प्रत्येकाला माहीत असतं, नोट हलवू नका. टीप लागत नाही. रेस्टॉरंटमध्ये बिलावर "सर्व्हिस" आधीच लावलं आहे का ते बघा, नसेल तर दहा टक्के पुष्कळ. अमेरिकेतले वीस टक्के तिथं विसरा. मित्रांमध्ये "राउंड" चालतो, म्हणजे एकजण सगळ्यांचं घेतो, मग दुसरा. दारू पीत नसाल तर "लाइम अँड सोडा" घ्या, पण तुमची पाळी आली की उठा. राउंडमध्ये राहायचं नसेल तर पहिल्या ग्लासाआधीच सांगा; तीन ग्लास दुसऱ्याचे पिऊन निघून जाणारा माणूस बराच काळ लक्षात राहतो. वय १८ पूर्ण असलं तरी पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतात.

बस येताना दिसली की हात बाहेर काढा, नाहीतर ती थांबेलच असं नाही. उतरताना ड्रायव्हरला "चिअर्स". लंडनच्या बसमध्ये रोख चालत नाही, कार्ड टेकवा. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांची.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात, बहुधा १० ते ४ किंवा ११ ते ५. २५ डिसेंबरला रेल्वे बंद, बस जवळपास बंद, मोठी दुकानं बंद. होस्टेलवर एकटे असाल तर तांदूळ, डाळ, दूध आणि औषधं २४ च्या दुपारपर्यंत आणून ठेवा.