मराठी नियतकालिक स्कोपसपर्यंत न्यायचं तर

ठाण्यातल्या आमच्या महाविद्यालयाचं संशोधन-नियतकालिक मी संपादित करते. नव्या संपादकांना पहिलं हेच सांगते: स्कोपस या संशोधन-नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत येण्यासाठी अर्जाची घाई नको, आधी अंक वेळेवर काढा. स्कोपस किमान दोन वर्षांचं प्रकाशन बघतं. जूनचा अंक दिवाळीत निघाला, तर बाकीची मेहनत वाया जाते.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीसाठी वेगवेगळा घ्या. स्कोपसला लेख मराठीत असले तरी चालतात, हे अनेकांना ठाऊकच नसतं! मात्र शीर्षक नि सारांश इंग्रजीत आणि संदर्भसूची रोमन लिपीत हवी. हे एकट्या लेखकावर सोडू नका, शेजारी बसून करून घ्या. लेख तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची, म्हणजे समीक्षणाची, पद्धत आणि वाङ्मयचौर्याबाबतचं धोरण संकेतस्थळावर स्पष्ट लिहा. संपादक मंडळात सगळे ठाणे-कळव्याचेच नकोत. बाहेरचे, खरोखर काम करणारे अभ्यासक घ्या.

अंक सर्वांना मोफत खुला असेल, तर आधी डीओएजे या मोफत खुल्या नियतकालिकांच्या सूचीकडे अर्ज करा. ‘पैसे भरा, स्कोपसमध्ये घालून देतो’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. स्कोपस, त्याच्यासारखीच दुसरी सूची वेब ऑफ सायन्स, डीओएजे, कुणीच अर्जाचे पैसे घेत नाही.