लिफ्टला दोन दारं होती: इमारतीत वाट दाखवणाऱ्या ॲपची चाचणी घेताना

पहिल्याच चाचणीत साठीच्या एक बाई तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर आल्या. फोन म्हणाला, "सरळ जा." त्या सरळ गेल्या आणि दहा पावलांवर, धुतलेल्या चादरींची थप्पी लावलेल्या एका खोलीच्या दारात जाऊन थांबल्या. त्यांच्या मागे उभं राहून मी वहीत लिहिलं, "सूचना वाचली नाही."

ही माझ्या कामातली पहिली नोंद आणि ती साफ चुकीची. बाईंनी सूचना दोनदा वाचली होती. त्या लिफ्टला पुढे-मागे अशी दोन दारं होती. तळमजल्यावर पुढचं दार उघडे, तिसऱ्यावर मागचं. माणूस ज्या दारानं आत शिरला त्याच दारानं बाहेर पडणार, असं आम्ही नकाशा करताना धरून चाललो होतो. हे माझ्या लक्षात यायला आणखी दोन माणसं त्या चादरींपर्यंत जावी लागली.

तेव्हा मी शिकत होतो. तीन वेगवेगळ्या काळात बांधलेल्या तीन विंगांचं एक मोठं रुग्णालय, त्यासाठी तयार झालेलं वाट दाखवणारं ॲप, आणि 'याची वापरसुलभता तपासा, सुधारणा सुचवा' एवढंच कागदावर लिहिलेलं काम. तुमच्या हातात असंच काही पडलं असेल, तर मी कुठे कुठे आपटलो ते आधीच ऐकून ठेवा.

सुरुवातीचे दोन आठवडे मी टेबलाशी बसून स्क्रीन तपासत होतो. बटणं पुरेशी मोठी आहेत का, अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा फरक ४.५ : १ या मान्य प्रमाणात बसतो का, मागे जायला जागा आहे का. हे करावं लागतंच, पण एका दिवसात उरका. बसून वापरायचं ॲप आणि चालताना, एका हातात फाईल धरून, समोरून येणारं स्ट्रेचर चुकवत वापरायचं ॲप यांत फार अंतर असतं. मला सापडलेल्या बहुतेक चुका स्क्रीनवर दिसणाऱ्या नव्हत्या. फोनमधला शब्द आणि समोरची भिंत एकमेकांशी जुळत नव्हते, चुका तिथे होत्या.

तांत्रिक बाजू थोडी माहीत हवी, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. छताखाली जीपीएसचा भरवसा नसतो. म्हणून ब्लूटूथ बीकन (इमारतीत जागोजागी लावलेली, सतत संकेत सोडणारी छोटी यंत्रं), वायफाय आणि फोनमधले सेन्सर यांच्यावरून जागेचा अंदाज बांधतात. त्यात दोन-चार मीटरची चूक सहज होते. मोकळ्या मैदानात ती कुणाला कळणारही नाही, इमारतीत मात्र तेवढ्यात नकाशावर तुमची जागा दाखवणारा ठिपका भिंतीपलीकडच्या खोलीत जाऊन बसतो. एक मीटर वर गेलं की हवेचा दाब साधारण ०.१२ हेक्टोपास्कलनं उतरतो. ज्या फोनमध्ये दाब मोजायची सोय आहे त्यांना मजला यावरून ओळखता येतो, सगळ्या फोनमध्ये ती नसते. लिफ्टच्या आसपासच्या लोखंडानं होकायंत्र भरकटतं ते वेगळंच.

त्यामुळे वहीत तीन रकाने ठेवा: ठिपका चुकला, वाक्य चुकलं, इमारतच तशी आहे. पहिले दोन वेगळे काढायला एक स्वस्त युक्ती आहे. ॲप बाजूला ठेवायचं, त्यातल्या सूचना एकेका कार्डावर छापायच्या आणि माणूस योग्य जागी पोचला की पुढचं कार्ड आपण हातात द्यायचं. इथे ठिपका कधीच चुकत नाही, कारण ठिपका म्हणजे आपणच. तरीही माणूस चुकला तर दोष वाक्याचा किंवा इमारतीचा. आमच्या निम्म्याहून जास्त अडचणी कार्डांवरच सापडल्या आणि प्रोग्रामर मंडळींचा जीव भांड्यात पडला.

आता माणसांविषयी, कारण सगळ्यात जास्त घोळ मी इथेच घातला. एका फेरीला वर्गातल्या मित्रांना बोलावलं. महिनाभर ते माझ्याबरोबर त्याच इमारतीत फिरत होते, त्यांनी फोनकडे न बघताच मुक्काम गाठला. इमारतीला नवखा असलेला माणूस एकदाच वापरता येतो. एकदा तो मार्ग चालून आला की त्या मार्गापुरता तो जाणकार झाला. म्हणून जुनी आणि सुधारलेली आवृत्ती एकाच माणसाकडून एकाच वाटेवर तपासता येत नाही, दुसऱ्या खेपेला तो आठवणीवर चालतो. एकतर दोन गट वेगळे घ्या, नाहीतर सारख्या लांबीचे आणि सारख्या वळणांचे दोन मार्ग निवडून निम्म्या लोकांना आधी हा, निम्म्यांना आधी तो असे द्या. नवखी माणसं जपून वापरा, सगळी पहिल्याच आठवड्यात संपवू नका.

किती माणसं घ्यायची? पाच पुरतात, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. १९९३ मध्ये नील्सन आणि लँडॉवर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांनी मांडलेल्या गणिताचा तो आधार आहे: एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत असतील, तर पाच जणांत साधारण ८५ टक्के. गणित बरोबर आहे, पण इमारतीत 'पाच' कशाचे ते विचारा. प्रत्येक मार्ग म्हणजे नवी स्क्रीनच. शिवाय व्हीलचेअरवरच्या माणसाला ज्या अडचणी येतात त्या धडधाकट पाच जणांत दिसणारच नाहीत. आमचं ॲप 'जिने टाळा' म्हटल्यावर जिने टाळायचं, पण वाटेतलं जड, आपोआप मिटणारं दार टाळायचं नाही. हे कळायला पाच नव्हे, एकच माणूस लागला, पण तो योग्य होता.

माणसाला काम सांगतानाही जपून. "रेडिओलॉजी विभागात जा" असं मी म्हणायचो आणि ॲपच्या यादीत नेमकी तीच अक्षरं असायची, म्हणजे उत्तर मीच देऊन टाकत होतो. नंतर आम्ही फक्त चिठ्ठी द्यायला लागलो, रुग्णाच्या हातात असते तशी. तिच्यावर 'सोनोग्राफी' लिहिलेलं. लोकांनी शोधपट्टीत सोनोग्राफी टाकलं आणि ॲपनं सांगितलं, असं ठिकाण नाही. चाचणीतला हा सगळ्यात मोठा दोष, आणि तो दूर करायला शोधात काही पर्यायी नावं घालण्यापलीकडे काही लागलं नाही.

सोबत चालायचं कसं, हेही शिकावं लागतं. मी शेजारून चालायचो आणि नकळत अर्धं पाऊल पुढे असायचो. लोक बाणाऐवजी माझ्या बुटांच्या मागे येत होते. चित्रीकरण पाहताना ते दिसलं आणि अख्खी एक दुपार फुकट गेल्याचं कळलं. दोन पावलं मागे, किंचित बाजूला राहा. वळणावर तुमची मानही आधी वळता कामा नये. "बरोबर जातोय ना?" असं हमखास विचारतात. त्यावर "मी नसतो तर काय केलं असतं?" एवढंच म्हणायचं. आणि चालता चालता मनात येईल ते बोलायला सांगत असाल, तर त्याच फेरीची वेळ मोजू नका. बोलणारा माणूस हळू चालतो.

मोजायचं काय? वेळ सगळेच मोजतात, पण वय आणि गुडघे यांचा तिच्यावर फार परिणाम होतो. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते थबकणं. मजल्याच्या आराखड्याची एक प्रत प्रत्येक माणसासाठी घ्यायची. तो चालेल तशी पेन्सिलनं रेघ ओढायची. थांबला तिथे फुली, मागे फिरला तिथे गोल, कुणाला विचारलं तिथे प्रश्नचिन्ह. आठ प्रती एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरल्या तेव्हा सहा फुल्या एकाच ठिकाणी गोळा झाल्या होत्या: जुन्या आणि नव्या विंगेला जोडणाऱ्या पुलाच्या तोंडाशी. जुन्या विंगेचा दुसरा मजला पुलापलीकडे तिसरा होतो. माणूस सपाट चालत जातो आणि पाटी मजला बदलते. ॲप बिचारं दोन्हीकडे खरंच बोलत होतं.

इमारतच अशी असते तेव्हा ॲपकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. सिएटलचं २००४ सालचं सार्वजनिक ग्रंथालय वास्तुरचनेसाठी नावाजलं गेलं आणि आत वाट चुकण्याचं उदाहरण म्हणून अभ्यासकांनी तेच घेतलं. आमच्या पुलासाठी शेवटी दोन गोष्टी केल्या. ॲपमध्ये एक ओळ: "पूल ओलांडल्यावर पाटीवर ३ दिसेल, तुम्ही बरोबर आहात." आणि पुलाच्या तोंडाशी याच अर्थाची एक पाटी. पाटीची मंजुरी मिळवणं ॲप बदलण्यापेक्षा अवघड गेलं. माझा चाळीस पानी अहवाल कुणी उघडला नाही. पुलावर गोल गोल फिरणाऱ्या एका आजोबांची, त्यांच्या परवानगीनं, चेहरा झाकून दाखवलेली वीस सेकंदांची चित्रफीत मात्र बैठकीत दोनदा लावायला सांगितली.

चाचणीनंतरची प्रश्नावली भरून घ्याच, पण तिच्यावर विसंबू नका. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये बनवलेली एसयूएस नावाची दहा विधानांची वापरसुलभतेची मोजपट्टी सगळीकडे चालते; प्रत्येक विधान किती पटतं त्यावर १ ते ५ गुण द्यायचे. विषम विधानांच्या गुणांतून १ वजा करा, सम विधानांचे गुण ५ मधून वजा करा, बेरजेला २.५ नं गुणा, की ० ते १०० मधला आकडा मिळतो. ते टक्के नव्हेत. सरासरी ६८ च्या आसपास धरतात, म्हणजे ७० आले तर पेढे वाटू नका. आणि लोक भिडस्त असतात. वाटेत सुरक्षारक्षकाला दोनदा विचारून पोचलेल्या एका काकांनी "मला हे वापरणं सोपं वाटलं" यापुढे पाचावर खूण केली. मी आराखडा समोर ठेवून "इथे काय झालं होतं?" असं विचारलं तेव्हा ते खरं बोलायला लागले. आकड्यांपेक्षा ही दहा मिनिटं मोलाची.

सूचना लिहिताना अंतर मीटरमध्ये देऊ नका. बारा मीटर म्हणजे किती, हे चालणाऱ्याला कळत नाही. "पाण्याच्या कूलरच्या पुढे" हे कळतं, फक्त कूलर हलवला गेला तर कुणी कळवायचं ते आधी ठरवून घ्या. उभ्या नकाशाचंही तेच: 'तुम्ही इथे आहात' नकाशाची वरची बाजू म्हणजे बघणाऱ्याच्या समोरची बाजू हवी, हे मानसशास्त्रज्ञ मार्विन लेव्हिन यांनी १९८०च्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिलं. तरी अजून एकच छापील नकाशा चारही भिंतींना चिकटवलेला दिसतो.

लिफ्टची सूचना आम्ही तीनदा बदलली. "लिफ्टमधून बाहेर पडून डावीकडे वळा" हे तिसऱ्या मजल्यापुरतं चाललं, दुसऱ्या लिफ्टनं आलेल्यांना नाही. मग "समोर मोठी खिडकी दिसेपर्यंत वळा, मग सरळ" असं केलं. नव्या सहा जणांपैकी पाच न थबकता गेले. सहावा खिडकीपाशी पोचला, बाहेर पाऊस पडत होता, तो बघत उभा राहिला. मी फुली मारली आणि नंतर खोडली.